बेसमेंट राहते करताना काय ठेवावे आणि काय सोडावे?

नोव्हायकर, १४ जानेवारी

आम्ही मिशिगनमधील नोव्हाय येथे राहतो. घर १९९८ सालचे असून त्याखाली साधारण ११०० चौरस फुटांचे बेसमेंट आहे. गेली अकरा वर्षे तेथे प्रवासाच्या बॅगा, मंडळाच्या गणपतीचे मखर, आईने सांगलीहून आणलेली पितळी पातेली आणि कधीतरी लागतील म्हणून जपलेली रिकामी खोकी यांचाच मुक्काम आहे. या वर्षी ते राहते करायचे असे ठरले आहे. मात्र तेथे नेमके काय करायचे, यावर घरातल्या चार माणसांची पाच मते आहेत.

घरात आम्ही दोघे, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहोत. माझे आईवडील वर्षाआड येतात आणि पाच-साडेपाच महिने राहतात. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि आईचा उजवा गुडघा दुखरा आहे. आमच्या यादीत आईवडिलांसाठी झोपण्याची खोली, पूर्ण बाथरूम, तळणीसाठी दुसरे स्वयंपाकघर, सिनेमाची खोली, टेबल टेनिस, मंडळाच्या एकांकिकांच्या तालमींसाठी मोकळी जागा, माझ्यासाठी कामाची खोली आणि सामानाची खोली अशा आठ गोष्टी आहेत. तीन कंत्राटदार येऊन गेले आणि तिघांनीही ‘सगळे बसेल’ असे सांगितले. त्यामुळेच मला शंका आली. चौकटीच्या कागदावर आखून पाहिले तेव्हा सगळे बसले खरे, परंतु प्रत्येक खोली रेल्वेच्या डब्याएवढी झाली, कारण फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि गरम पाण्याची टाकी नेमकी मधोमध आहे.

भिंती ओतीव काँक्रीटच्या आहेत, एका कोपऱ्यात संप पंपाचा, म्हणजे जमिनीखाली साचलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा, खड्डा आहे, बाथरूमसाठी जमिनीतून वर आलेली तीन पाइपांची तोंडे आहेत आणि छताजवळ दोन चिंचोळ्या खिडक्या आहेत. हाती असलेल्या पैशांत आठांपैकी फार तर चार गोष्टी नीट होतील. ज्यांनी हे काम करून घेऊन काही वर्षे त्या जागेत काढली आहेत, त्यांनी आज नव्याने करायचे झाल्यास काय ठेवले असते आणि काय गाळले असते, हे कृपया सांगावे.

गाळणी, १४ जानेवारी

तुमच्या यादीत नववी गोष्ट नाही आणि ती पहिली असायला हवी होती, ती म्हणजे पाणी.

आम्ही डिअरबॉर्नला राहतो. २०२१ सालच्या जून महिन्यात, २५ आणि २६ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, डेट्रॉइट परिसरात काही ठिकाणी ६ इंचांहून अधिक पाऊस पडला आणि आय-९४ महामार्गावर गाड्या बुडाल्या, हे येथील अनेकांना आठवत असेल. आमच्या बेसमेंटमध्ये पाणी भिंतींतून आले नाही. ते जमिनीवरच्या निचऱ्याच्या जाळीतून, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीतून उलटे वर आले. पहाटे तीनच्या सुमारास मी जिन्याचा दिवा लावला तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवर मुलांच्या चपला तरंगत होत्या आणि सासऱ्यांची पेटी, जी आम्ही खास बैठकीसाठी म्हणून खाली नेऊन ठेवली होती, तिचा भाता फुगून वर आलेला होता. सकाळपर्यंत ड्रायवॉलने (भिंतींना लावलेल्या जिप्समच्या तक्त्यांनी) दीड फूट उंचीपर्यंत पाणी शोषले होते. गालिचा, त्याखालचा फोम आणि ड्रायवॉलचा खालचा चार फुटांचा पट्टा सगळा काढून टाकावा लागला.

विमा कंपनीने सांगितले की सांडपाणी उलटे येण्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते आणि ते आमच्या पॉलिसीत नव्हते. नेहमीच्या गृहविम्यात ते बहुधा नसतेच. राष्ट्रीय पूरविमा घेतला तरी त्यात बेसमेंटच्या सजवलेल्या भिंती आणि फरशी यांची भरपाई मिळत नाही. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी पॉलिसी काढून हे कलम आहे का आणि किती रकमेचे आहे, ते वाचावे.

आज मी पुन्हा करायचे तर पहिला खर्च सांडपाण्याच्या वाहिनीवर उलट प्रवाह अडवणारी झडप बसवण्यावर आणि संप पंपाला बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जोडण्यावर करीन. ज्या वादळात पंपाची गरज लागते, नेमक्या त्याच वादळात वीज जाते. त्यानंतर घराबाहेर एक फेरी मारावी. छपराच्या पन्हळीचे पाणी पायाजवळ पडत असल्यास नळीने ते चार-सहा फूट दूर न्यावे, आणि माती घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती आहे का ते पाहावे. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा असे बांधकाम संहिता सांगते. यातील बरेचसे फावडे आणि घमेले घेऊन एका शनिवारी होण्यासारखे आहे.

जमिनीतून ओल येते का, हे पाहण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने फरशीला चिकटवून दिवसभर ठेवावा. उचलल्यावर आतून दव दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले असले, तर यादी बाजूला ठेवून आधी त्याचा बंदोबस्त करावा.

आनआर्बरची_अनु, १५ जानेवारी

गाळणी यांनी दिसणाऱ्या पाण्याविषयी लिहिले. मी न दिसणाऱ्या वायूविषयी लिहिते. रॅडॉन जमिनीतील युरेनियमच्या क्षयातून तयार होतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही, आणि तो काँक्रीटच्या भेगांतून व संपच्या उघड्या खड्ड्यातून घरात शिरतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, हवेत दर लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचे एकक) किंवा अधिक रॅडॉन आढळल्यास उपाय करावा असे सांगितले आहे. आमचा वॉशटनॉ परगणा तिच्या नकाशात सर्वाधिक शक्यतेच्या पहिल्या गटात आहे. तुमचा ओकलंड परगणा त्या गटात नसला तरी त्यावर विसंबू नये, कारण शेजारच्या दोन घरांतही आकडे फार वेगळे येऊ शकतात.

चाचणीची डबी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बारा तास आधीपासून दारेखिडक्या बंद ठेवून ती दोन ते चार दिवस बेसमेंटमध्ये ठेवायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. हिवाळा त्यासाठी उत्तम, कारण घर बंदच असते. आता घाई करण्याचे कारण असे की आकडा जास्त आला तर फरशीला भोक पाडून एक पाइप छपराच्या वर न्यावा लागतो आणि त्यावर पंखा बसवावा लागतो. आज तो पाइप कोणत्याही कोपऱ्यातून नेता येईल. भिंती आणि छत झाल्यावर तो तुमच्या नव्या खोलीच्या मधून जाईल. आमच्याकडे तो आता दिवाणखान्यातल्या खांबासारखा उभा आहे आणि नवरात्रात मी त्याला झेंडूची माळ घालते.

नोव्हायकर, १५ जानेवारी

दोघांचेही मनापासून आभार. डबी आजच आणली आहे. पॉलिसी काढून वाचली. सांडपाण्याचे कलम आहे, परंतु त्याची मर्यादा पाहून ती वाढवण्यासाठी उद्याच फोन करणार आहे. पाणी आणि रॅडॉन यांचे निकाल येईपर्यंत खोल्यांविषयी बोलावे अशी विनंती आहे, कारण घरात वाद त्यांचाच आहे.

ओळंबा, १६ जानेवारी

मी येथे बांधकाम परवान्यांच्या कामात आहे, त्यामुळे थोडे नियमांच्या अंगाने लिहितो. प्रत्येक टाउनशिपचे, म्हणजे स्थानिक प्रशासनाचे, बारकावे निराळे असतात. पण मूळ संहिता बहुतेक ठिकाणी एकच असल्याने पुढील आकडे उपयोगी पडतील.

खाली कोणी झोपणार असेल तर त्या खोलीला संकटकाळी बाहेर पडता येईल अशी खिडकी हवीच. तिला एग्रेस खिडकी म्हणतात. उघडल्यावर मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. येथे पुष्कळ जण फसतात. २० गुणिले २४ केले तर ३.३ चौरस फूटच भरतात. म्हणजे दोन्ही किमान मापे पाळूनही खिडकी नापास होते. बाहेर जो खड्डा करावा लागतो तो किमान ९ चौरस फुटांचा आणि लांबीरुंदीने ३६ इंचांहून कमी नसलेला हवा, आणि तो ४४ इंचांपेक्षा खोल असल्यास त्याला कायमची शिडी हवी. तुमच्या छताजवळच्या चिंचोळ्या खिडक्या यात बसणार नाहीत. भिंत कापावी लागेल.

हा नियम कागदी वाटतो, म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात जे मृत्यू झाले त्यांतील बहुतेक तळघरातल्या घरांत झाले. जिना हा एकच रस्ता असला आणि तोच पाण्याने किंवा धुराने बंद झाला, तर खोली कितीही सुंदर असून उपयोग नाही.

उंचीचे म्हणाल तर राहत्या जागेला ७ फूट लागतात; तुळया आणि हवेचे डक्ट यांच्याखाली ६ फूट ४ इंच चालतात. विजेच्या पॅनेलपुढे ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा कायम मोकळी ठेवावी लागते, आणि फर्नेससमोर दुरुस्ती करणाऱ्याला बसता येईल एवढी जागा लागते. हे सगळे कागदावर आधी आखून घ्या आणि मग उरलेल्या जागेत खोल्या मांडा. बहुतेक लोक उलटे करतात, आणि शेवटी पॅनेल कपड्यांच्या कपाटात येते, जे नियमात बसत नाही.

परवाना काढावाच. ‘परवान्याशिवाय स्वस्तात करून देतो’ म्हणणारा मनुष्य आज तुमचे पैसे वाचवतो आणि घर विकण्याच्या वेळी ते व्याजासह बाहेर काढतो. परवाना काढल्यावर घराचे करपात्र मूल्य काहीसे वाढते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पडदा, १६ जानेवारी

सिनेमाची खोली करू नका. आम्ही केली. पायऱ्यांवर खुर्च्या, काळ्या भिंती, छतात चांदण्यांसारखे दिवे, सगळे केले. पहिले वर्षभर दर शनिवारी सिनेमा पाहिला, पुढच्या वर्षी भारताचे क्रिकेट सामने पाहिले, आणि आता मुले आपापल्या खोलीत आपापल्या फोनवर पाहतात. उताराची जमीन असल्याने त्या खोलीचा दुसरा काहीही उपयोग होत नाही. सध्या तेथे बॅगा आहेत. पडदा लावायचाच असेल तर मोकळ्या हॉलच्या एका भिंतीवर लावा.

फोडणी, १७ जानेवारी

दुसऱ्या स्वयंपाकघराविषयी लिहिते, कारण मी तो हट्ट पुरा करून घेतला आणि त्याची फळे भोगली.

आमचा तर्क साधा होता. दिवाळीत चार दिवस चकल्या आणि अनारसे तळायचे, वर्षभर मासे करायचे आणि वरच्या घराला वास लागू द्यायचा नाही. प्रत्यक्षात असे झाले की खालच्या हॉलमध्ये हवा परत ओढून घेणारी जाळी होती. पहिल्याच दिवशी मी सुकटीला फोडणी दिली आणि पाच मिनिटांत वरच्या मजल्यावर झोपलेला मुलगा ठसका लागून उठला. फर्नेसने खालची हवा इमानेइतबारे सगळ्या घराला वाटली होती. धूर बाहेर टाकणारा पंखा आम्ही बसवला होता, पण त्याची नळी चौदा फूट लांब आणि तीन ठिकाणी वळलेली असल्याने तो आवाज करण्यापलीकडे फारसे काही करीत नव्हता. वर आमच्या टाउनशिपने असे सांगितले की चूल बसवली तर ते स्वतंत्र घर समजले जाईल आणि एका कुटुंबाच्या घरांच्या विभागात ते चालणार नाही. अखेर चूल काढली. आता खाली ओटा, सिंक, फ्रीज आणि कपाटे आहेत. ते मात्र इतके उपयोगी आहे की विचारू नका. पंचवीस माणसांचे जेवण असले की भांडी, पाणी, चहा, ताक सगळे खालीच होते आणि जिन्यावरून पातेली न्यावी लागत नाहीत. तळण आम्ही मागच्या अंगणात, भिंतीपासून दूर, गॅसच्या शेगडीवर करतो. जॅकेट घालून चकल्या पाडण्याची आता सवय झाली आहे.

सिंक बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून घ्यावे, म्हणजे पाइपांचे काम एकाच ठिकाणी होते.

मिसिसागाकर, १७ जानेवारी

आमच्या कॅनडातील ओंटारिओत विचार निराळा होतो. येथे बेसमेंट म्हणजे आधी भाड्याचे उत्पन्न. २०२२ च्या प्रांतिक कायद्यानंतर बहुतेक शहरी निवासी भूखंडांवर तीन घरांपर्यंत मुभा मिळाली, त्यामुळे चूल आणि बाजूने स्वतंत्र दार घेऊन रीतसर दुसरे घर करणारे पुष्कळ आहेत. तुमच्याकडे तसा विचार नसल्यास हा मुद्दा सोडून द्यावा.

बाथरूमविषयी मात्र एक सूचना करतो. जमिनीतून वर आलेली तीन तोंडे दिसली म्हणून निश्चिंत राहू नका. आमच्या एका मित्राकडे तशीच तोंडे होती आणि ती खाली कशालाच जोडलेली नव्हती. प्लंबरला कॅमेरा घालून पाहायला सांगा. घराची मुख्य वाहिनी बेसमेंटच्या जमिनीपेक्षा वरून बाहेर जात असेल, तर मैला वर ढकलणारा पंप आणि त्याचा बंद खड्डा लागेल आणि खर्चाचा आकडा बदलेल.

सत्तरीपार, १९ जानेवारी

मी येथे फारसा लिहीत नाही, वाचतो. माझा मुलगा ओहायोत कोलंबसजवळ राहतो आणि मी व माझी पत्नी गेली नऊ वर्षे त्याच्याकडे येत आहोत. त्यांतील तीन वेळा आम्ही त्याच्या बेसमेंटमधील खोलीत राहिलो. मुलाने ती खोली अत्यंत प्रेमाने केली होती, हे मी आधी सांगतो, म्हणजे पुढील लेखन तक्रार म्हणून वाचले जाणार नाही.

खोलीत सर्व काही होते. पलंग, टीव्ही, देव्हारा, चहाची किटली, स्वतंत्र बाथरूम. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. पहिल्या आठवड्यात आम्ही दिवसातून आठ-दहा वेळा वर जात होतो. मग पत्नीचे गुडघे बोलू लागले आणि ते चार वेळांवर आले. डिसेंबरात बाहेर पाच वाजताच अंधार पडतो, आणि आमच्या खोलीत तर दुपारी तीन वाजताही दिवा लागत असे. सकाळी उठल्यावर बाहेर बर्फ पडला आहे की ऊन आहे, हे वर गेल्याशिवाय कळत नसे. वरच्या पावलांच्या आवाजावरून कोण चालले आहे हे ओळखण्याचा आम्हांला छंद लागला. नातीची पावले धावती, सुनेची टाचेवर पडणारी, मुलाची सावकाश. साडेआठला सगळी पावले दाराकडे जात आणि मग फर्नेस सुरू होण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नसे.

आपण आईवडिलांना एकांत मिळावा म्हणून खाली खोली करता. आम्ही तेरा हजार किलोमीटरांवरून येतो ते एकांतासाठी नव्हे. तो आम्हांला सांगलीसाताऱ्यात भरपूर आहे. स्वयंपाकघराच्या शेजारची लहानशी खोली, जिथून नातवंडांची भांडणे ऐकू येतील, ती आम्हांला मोठ्या खालच्या खोलीपेक्षा अधिक सोयीची वाटते. गेल्या खेपेला मुलाने तळमजल्यावरची त्याची कामाची खोली आम्हांला दिली आणि तो स्वतः खाली गेला. संगणकाला आकाश लागत नाही.

तरीही खाली खोली करायचीच असेल, तर जिन्याला दोन्ही बाजूंना हात धरायला कठडा ठेवावा, पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या काठावर रंगीत पट्टी लावावी, आणि बाथरूमच्या भिंतीत, ड्रायवॉल बसवण्यापूर्वीच, आधाराची दांडी लावता येईल असे लाकूड घालून ठेवावे. त्याला खर्च जवळजवळ नाही.

मीनाआजी, १९ जानेवारी

सत्तरीपार यांच्या लिहिण्याचा आदर राखून माझे उलट मत नोंदवते. मी एकटी येते आणि मला खालचीच खोली आवडते. मी पहाटे साडेचारला उठते. वर असले की माझ्या चहाच्या भांड्याचा आवाज, पूजेची घंटा, रेडिओ, सगळे दबकत करावे लागते आणि सून काही म्हणत नसली तरी मला तिची झोप दिसते. खाली मी मोकळेपणाने अभंग म्हणते. फरक एवढाच की माझ्या मुलाच्या घराला मागे उतार आहे, त्यामुळे माझ्या खोलीतून थेट अंगणात दार उघडते आणि सकाळचे ऊन पलंगापर्यंत येते. तेव्हा प्रश्न वरचे की खालचे हा नसून, त्या खोलीतून बाहेरचे काही दिसते का हा असावा. आणि तुम्ही आईला विचारले आहे का?

नोव्हायकर, २० जानेवारी

विचारले नव्हते. काल रात्री व्हिडिओ कॉलवर विचारले. आई क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही सगळे वर आणि आम्ही खाली?” वडिलांनी लगेच खोली किती मोठी आहे असे विचारून विषय बदलला. आमच्या आठ गोष्टींच्या यादीत ही पहिल्या क्रमांकावर होती.

ओळंबा, २० जानेवारी

मग एक मधला मार्ग सुचवतो. झोपण्याची खोली करू नका, पण एग्रेस खिडकी आताच करून घ्या. तसेही राहत्या बेसमेंटला अशी एक वाट असावी, असेच संहितेला अपेक्षित आहे. काँक्रीटची भिंत कापताना अख्खे घर पिठाच्या गिरणीसारखे पांढरे होते. ते काम सजवलेल्या जागेत पुढे कधी करवणार नाही. आतली लाकडी विभागणी मात्र दोन आठवड्यांत केव्हाही उभी राहते. बाथरूमचेही तसेच. जमीन फोडण्याचे, भिंत कापण्याचे आणि तारा ओढण्याचे जेवढे काम आहे तेवढे आज उरकावे. खोल्या पाडणे मुलीच्या कॉलेजपर्यंतही लांबवता येईल.

उबदार, २१ जानेवारी

थोडे भिंती आणि छताविषयी. काँक्रीटला थेट काचलोकर लावून वर प्लॅस्टिक ताणू नका. उबदार हवेतील बाष्प थंड काँक्रीटवर जाऊन पाणी होते, आणि दोन हिवाळ्यांत भिंतीच्या पोटात बुरशी धरते. आधी काँक्रीटला फोमचे कडक तक्ते चिकटवून सांधे टेपने बंद करावेत आणि मग त्यापुढे लाकडी चौकट उभी करावी. फरशीला टेकणारे लाकूड प्रक्रिया केलेलेच घ्यावे. जमिनीला गालिचापेक्षा व्हायनिलच्या पट्ट्या बऱ्या. भिजल्या तरी पुसता येतात.

छताच्या बाबतीत मी अल्पमतात आहे. सगळे जण गुळगुळीत ड्रायवॉल मागतात, आणि मग बागेच्या नळाची चावी कोठे गेली म्हणून छत ठोकून पाहतात. पाण्याच्या चाव्या आणि पाइपांची सफाईची तोंडे जेथे आहेत, तेथे उचलता येणारे चौकोनी तक्ते लावावेत.

हिशेबी, २२ जानेवारी

घराची किंमत वाढेल म्हणून हे काम करणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. मूल्यांकन करणारे जमिनीखालचे क्षेत्रफळ वरच्या राहत्या क्षेत्रफळात धरत नाहीत. ते वेगळे दाखवतात आणि त्याला कमी भाव लावतात. एप्रिल २०२२ पासून फॅनी मे (बँकांकडून गृहकर्जे विकत घेणारी संस्था) हिच्या कर्जांसाठीच्या मोजमापात हा नियम अधिक काटेकोर झाला आहे. एखादी भिंत जरी पूर्णपणे जमिनीच्या पातळीच्या वर असली तरी तो मजला खालचाच समजला जातो. तेव्हा पुढच्या गिऱ्हाईकाला काय आवडेल याचा विचार न करता स्वतःला काय लागते ते करावे.

नोव्हायकर, २६ एप्रिल

तीन महिन्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. अनेकांनी निरोप पाठवून विचारले म्हणून काय ठरले ते सविस्तर सांगतो.

प्लॅस्टिकखाली दव आले नाही. रॅडॉनचा आकडा ५.१ आला, पाइप फर्नेसच्या मागून, कोणाला दिसणार नाही असा नेला आणि पंखा सुरू झाल्यावर पुन्हा मोजले तेव्हा तो १.३ वर उतरला. संपच्या खड्ड्यावर बंद झाकण आणि बॅटरीचा पंप बसवला. उलट प्रवाहाची झडप बसवताना प्लंबरने कॅमेरा घातला आणि बाथरूमची तिन्ही तोंडे खरोखरच जोडलेली निघाली. वाहिनीही जमिनीखालूनच जाते, त्यामुळे ढकलपंप लागला नाही.

सिनेमाची खोली, दुसरी चूल आणि आईवडिलांची खोली या तीन गोष्टी यादीतून गेल्या. सिनेमाचे पैसे तळमजल्यावरच्या अर्ध्या बाथरूमला शॉवर जोडण्यात गेले, कारण माझी कामाची खोली त्याला लागूनच आहे आणि ती आता आईवडिलांची झाली आहे. त्यांच्या मुक्कामात मी खाली काम करीन. खाली पूर्ण बाथरूम, त्याच्या पाठीला सिंक आणि ओटा, सामानाची एक खोली आणि बाकी २६ फूट लांब व १७ फूट रुंद असा मोकळा हॉल राहिला आहे. टेबल टेनिसचे टेबल ९ फूट लांब आणि ५ फूट रुंद असले तरी मागे सरकून खेळायला दोन्हीकडे पाच-पाच फूट लागतात, हे मुलाने मला फरशीवर खडूने आखून पटवून दिले. टेबल दुमडून भिंतीशी उभे करता येणारे घेतले आहे, म्हणजे तालमींना जागा मोकळी होते. मुलगी अजून रुसलेली आहे. तिला तेथे स्वतःची खोली हवी होती. पुढे तिची खोली होऊ शकेल अशाच कोपऱ्यात एग्रेस खिडकी घेतली आहे, असे तिला सांगितले, पण नऊ वर्षांच्या भावाचे टेबल आज आणि तिची खोली पुढे, हा न्याय तिला मान्य नाही.

ड्रायवॉल पुढील आठवड्यात लागेल. त्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी धरून, छायाचित्र काढून ठेवले आहे, म्हणजे तारा आणि पाइप कोठे आहेत ते पुढे शोधावे लागणार नाही. बाथरूमच्या भिंतीत दांडीसाठी लाकूड घातले आहे. आईवडील जूनमध्ये येत आहेत.

सत्तरीपार, २७ एप्रिल

वाचून फार बरे वाटले. एकच विचारतो. आपण केलेल्या नव्या खिडकीसमोर खुर्चीत बसले, तर बाहेरच्या खड्ड्याची भिंत दिसते की आकाश दिसते?

नोव्हायकर, २७ एप्रिल

काका, तुमचा प्रश्न वाचून आत्ता खाली जाऊन खुर्ची ठेवून पाहिली. खालचा अर्धा भाग खड्ड्याचा पत्रा आणि शिडी आहे. मान किंचित वर केली की आकाश दिसते, आणि शेजाऱ्यांच्या मेपलचा शेंडाही.